पांढरे दाणे जातात कुठे?

“कोणीतरी हे दुखणे बाहेरून आणले आहे, आणि आणून वर गप्प बसले आहे,” थोरला निळा मासा म्हणाला. नाव त्याने कोणाचेच घेतले नाही. तरी सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या पिवळ्या मासोळीकडे वळले.

मुलांनो, हे घडले एका काचेच्या समुद्रात. एका घराच्या बैठकीच्या खोलीत टेबलभर लांबीची काचेची पेटी होती. तिच्यात खारे पाणी, पांढरी वाळू, भोकाभोकांचे खडक, आणि तेवढ्याच जागेला सातासमुद्रांची शान आहे असे मानणारे काही जीव राहत असत. पिवळी मासोळी पंधरवड्यापूर्वी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली आणि आल्या दिवशीच त्यांच्यात सोडली गेली. आठवडाभरात निळ्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे दाणे उठले. मग नारिंगी पट्टेरी जोडप्याच्या अंगावर. मग तिच्याही. अंगाला अशी खाज सुटे की मासे खडकावर पाठ घासत आणि धापा टाकत.

सभा भरली. पिवळीने पंपामागच्या कोपऱ्यात राहावे, खाणे पडेल तेव्हा पुढे येऊ नये, असे ठरले. तिथे पाण्याचा असा झोत येई की स्थिर उभे राहतानाच जीव मेटाकुटीला यावा. ती गेली, आणि काय नवल, चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांची अंगे स्वच्छ. निळ्या माशाने पेटीला दोन रुबाबदार चकरा मारल्या आणि पाहिलेत ना, असे प्रत्येकाला विचारले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती. पण फांदी मोडल्याचे श्रेय कावळा सोडतो थोडाच.

वाळूत बीळ करून राहणारा एक बोटभर मासा मात्र या आनंदात सामील झाला नाही. त्याला एक खोड होती. गोष्ट घडली की ती कशी घडली, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने निळ्या माशाला विचारले, “काका, दाणे गेले ते खरे. पण गेले कुठे?”

“गेले ते गेले. तुला त्यांना पोहोचवायला जायचे होते का?”

पट्टेरी जोडपे हसले. वाळूतला मासा हसला नाही, कारण त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती. त्याच सकाळी पिवळीचेही दाणे नाहीसे झाले होते. पिवळीला हाकलल्यामुळे बाकीचे बरे झाले म्हणावे, तर मग पिवळी कोणाला हाकलल्यामुळे बरी झाली? हे त्याने बोलून दाखवले, तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, असे त्याला सांगण्यात आले.

मग तो कोळंबीकडे गेला. माशांची अंगे टोकरून साफ करणे हे तिचे काम, तेव्हा दाणे तिनेच काढले असतील असा त्याचा तर्क. कोळंबीने आधी इकडेतिकडे पाहिले. मग हळूच सांगितले, “मी एकही काढला नाही रे. ते कातडीखाली बसतात, माझ्या चिमट्यात येत नाहीत. पण सगळेच आभार मानू लागले, तर नको कशाला म्हणू?”

राहिला शंखातला खेकडा. तो दिवसभर वाळू उपसत असे. त्याला विचारले, तर तो म्हणाला की वाळूत काय वाट्टेल ते सापडते, डोळे असतील तर स्वतः बघ.

वाळूतल्या माशाने बघितले. निळा मासा ज्या खडकाखाली झोपे, तिथल्या वाळूला मोहरीपेक्षा कितीतरी पट बारीक मोत्यांसारखे काही चिकटलेले होते. पंपामागे, पिवळीच्या जागेखालीही तेच. त्याने तसा एक वाळूचा कण तोंडात धरून आपल्या बिळाच्या दाराशी आणून ठेवला आणि पाळत ठेवली. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. जेवणखाण सोडून हा दगडाकडे काय बघत बसतो, म्हणून पट्टेरी जोडप्याने त्याला ‘साधुबुवा’ म्हणायला सुरुवात केली.

नवव्या पहाटे, पेटीवरचा दिवा लागण्यापूर्वी, तो मोती फुटला. आतून धुळीसारखे शेकडो जिवंत कण बाहेर पडले आणि पोहू लागले. ते खेकड्याच्या अंगावरून गेले, थांबले नाहीत. कोळंबीच्या मिशांमधून गेले, थांबले नाहीत. ते सरळ निघाले माशांकडे.

दोन दिवसांनी दाणे परत आले, आणि दसपटीने आले. निळा मासा कोणाला हाकलावे याचा विचार करत होता, तेवढ्यात पंपामागची पिवळी आडवी झाली. तिचे कल्ले भराभर हलत होते. वाळूतला मासा आपल्या वाट्याचा तुकडा तोंडात धरून तिच्याकडे गेला, पण तिला तो गिळता येईना. “मला खरंच माहीत नव्हतं, मी काही आणलंय ते,” एवढेच ती म्हणाली.

घरातल्या बाईंनाही दिसत होते. त्यांनी औषधाची बाटली आणली, पेटीवर तिरकी धरली, आणि ओतण्याआधी चष्मा सावरून वरचा कागद वाचला. हात तसाच मागे घेतला. त्या औषधात तांबे होते. माशांना ते तारते, पण कोळंबी, शंख, खेकडे यांना मारते. चार दिवस खटपट करून त्यांनी शेजारी एक वेगळी पेटी तयार केली. तिच्यात वाळू नाही, खडक नाही. नुसते पाणी, औषध आणि लपायला नळाचे तुकडे. मग जाळी आत आली.

जाळीतून गेलेला परत आल्याचे कोणाच्याच ऐकिवात नव्हते. पिवळीला पळण्याचे त्राणच नव्हते, ती लगेच गेली. पट्टेरी जोडपे बऱ्याच धावपळीनंतर सापडले. निळा मासा खडकामागे दडला. वाळूतला मासा बिळात होता आणि तिथे कोणतीच जाळी पोहोचणार नव्हती. त्याच्या अंगावर एकही दाणा नव्हता. निळ्याचेही त्याच दिवशी सकाळी गळून गेले होते. घामाघूम झालेल्या बाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या की दोघे राहिलेत, पण दोघांच्या अंगावर काही दिसत नाही, राहू देते इथेच.

बिळातला मासा विचार करत होता. धूळ खेकड्यापाशी थांबली नाही, कोळंबीपाशी थांबली नाही. तिला फक्त मासा लागतो. मग इथे एक जरी मासा राहिला, तरी तिचे घर चालू राहील. माझ्या अंगावर दाणा नाही. पण कल्ल्याच्या आत काय आहे, हे मला तरी कुठे दिसते? आणि पिवळी बरी होऊन आली, तर येईल ती याच पाण्यात.

तो बाहेर पडला आणि खडकामागे गेला.

“माझ्या अंगावर एक दाणा दाखव, लगेच निघतो,” निळा मासा म्हणाला.

“तुमच्या अंगावर नाही काका. तुम्ही उभे आहात त्या वाळूत आहेत.”

“मी या घरातला थोरला. घर सोडून जायला मी काय पिशवीतून आलोय?”

“सगळेच पिशवीतून आलो, काका,” वाळूतला मासा म्हणाला. “आणि दुखणे कोणी आणले, ते आता कधीच कळायचे नाही. पण आज तुम्ही राहिलात, तर ते कोणी ठेवून घेतले, हे उद्या सगळ्यांना कळेल.”

एवढे बोलून तो वर गेला. बाई जाळी गुंडाळत होत्या. तो पृष्ठभागावर येऊन त्यांच्या बोटांपाशी उभा राहिला. त्याला उचलताना बाईंना आश्चर्य वाटले. खडकामागून हळूहळू निळा मासा बाहेर येताना दिसला, तेव्हा तर त्या खुर्चीवरच बसल्या.

औषधाच्या पेटीतले दिवस काही सुखाचे नव्हते. वाळूतल्या माशाला वाळूविना झोप येत नसे. निळ्या माशाला नळाच्या तुकड्यात धड वळताही येत नसे. पण पाचव्या दिवशी पिवळीने पहिला घास घेतला, आणि तो घास तिच्यासाठी निळ्या माशाने सोडला होता. अकरा आठवडे मोठी पेटी माशांविना राहिली. मग एका दुपारी सगळे आपल्या घरी परतले. पिवळी पंपामागे न जाता मधल्या खडकाशी थांबली, आणि तिला कोणी हटकले नाही. महिना गेला, दोन महिने गेले. कोणाच्याही अंगावर दाणा उठला नाही.

त्या धुळीचे पुढे काय झाले, हे वाळूतल्या माशाला अर्थातच विचारायचे होते. आल्या दिवशीच त्याने शंखातल्या खेकड्याला गाठले होते. खेकडा वाळू उपसत उपसतच म्हणाला, “आली होती ना. दोन दिवस तुम्हाला घरभर शोधलं बिचारीनं. आम्ही इथंच बसलो होतो, पण आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.”

तात्पर्य : दुखणे कोणी आणले, हे विचारणारे पुष्कळ भेटतात, पण दिसेनासे झाल्यावर ते जाते कुठे, हे जो शोधतो आणि त्यासाठी आधी स्वतःचे बीळ सोडतो, त्याच्याच हातून ते बरे होते.