ऋजूचा उतार

“ती घाबरली होती का? मला एवढंच सांगा.”

म्हातारा बुखारीत, खोली उबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीत, लाकूड सारत होता. त्याने मान वर केली नाही.

श्रीनिवासराव खांबेटे हा एकच प्रश्न घेऊन नाशिकहून हिमाचलातल्या लाहौलला आले होते. त्यांची मुलगी ऋजुता गेल्या हिवाळ्यात याच खोऱ्यात गेली. बर्फाने बंद पडलेल्या हमरस्त्याच्या वरच्या अंगाला स्कीवरून उतरत असताना हिमलोट सुटला आणि ती त्याखाली गाडली गेली. जिने जन्मात बर्फ पाहिला नव्हता त्या पोरीला स्की शिकवली या म्हाताऱ्याने, आणि बर्फातून उकरून बाहेर काढलं तेही त्यानेच. त्याचं नाव अंगरूप. पण गावात लहानथोर त्याला मेमे म्हणत. मेमे म्हणजे आजोबा.

“तुम्ही तिथे होतात. तिचा चेहरा तुम्ही पाहिलात.”

“पाहिला.”

“मग?”

मेमेंनी चहाचा पेला पुढे केला. “तुम्हाला स्की येते?”

श्रीनिवासरावांचा पारा चढला. उभं आयुष्य त्यांनी धरणं बांधण्यात घालवलं होतं. त्यांच्या प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

“मी साठी ओलांडलेला माणूस आहे. इथे खेळायला आलेलो नाही. जागा दाखवा, विचारलंय त्याचं उत्तर द्या, मी माझ्या वाटेने जातो.”

“त्या जागेची वाट बंद आहे, साहेब. पायी निघालात तर कमरेपर्यंत बुडाल. शिकावं लागेल…”

शिकले बिचारे. दुसरा इलाज नव्हता. गावाबाहेर, उन्हाळ्यात जिथे बटाटा लावतात त्या सपाटीवर, रोज सकाळी पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे. मेमे उठवायला हात देत नसत. पण सोडून जातही नसत. थोड्या अंतरावर उभे राहत आणि श्रीनिवासराव उठेपर्यंत डोंगराकडे बघत बसत.

“काही सांगाल की नाही?” एकदा ते बर्फात पालथे पडूनच ओरडले.

“काठी उलटी धरलीय.”

मार्च सरत आला. कडक थंडीचे दिवस सलग गेले, नवा बर्फ पडला नाही, जुना दबून घट्ट झाला. मेमेंनी आभाळ पाहिलं आणि म्हणाले, “चला, निघू.”

त्यांनी श्रीनिवासरावांच्या स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून दिल्या. पट्टीचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे चढणीवर पाऊल पुढे सरकतं, मागे घसरत नाही. मेमे पुढे, श्रीनिवासराव मागे.

हमरस्ता म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. वळणावरच्या पाट्यांचे वरचे काठ तेवढे बर्फातून डोकावत होते. उन्हाळ्यात जिथे ट्रकांची रांग लागते तिथे कोल्ह्याची पावलं उमटली होती. खाली नदी गोठून गप्प झाली होती. स्की सरकल्याचा आवाज, आपला श्वास… बाकी काही नाही.

“बाबा, एकदा याच,” दर हिवाळ्यात ऋजूचा फोन यायचा. “अख्खा रस्ता आपल्या एकट्याचा असतो हो!”

“बंद रस्त्यावर काय बघायचंय?” असं म्हणून ते फोन तिच्या आईकडे द्यायचे.

मेमे थांबले. समोर डोंगराच्या कुशीत एक रुंद पांढरी घळ होती, आणि तिच्या पायथ्याशी मोकळी जागा.

“तिथून सुटला,” मेमेंनी काठीने वर दाखवलं. मग काठी खाली टेकवली. “इथे सापडली.”

श्रीनिवासरावांनी खिशातून उताराचा कोन मोजायचं यंत्र काढलं. डोळ्याला लावलं.

“अडतीस अंश.”

ते वाट बघत राहिले. त्या आकड्यापुढे काहीतरी उलगडेल असं त्यांना वाटलं असावं. काहीच उलगडलं नाही. हात हळूहळू खाली आला.

“मेमे… ती घाबरली होती का?”



“तिच्या तोंडात बर्फ होता, साहेब. मी बोटांनी काढला. डोळे मिटलेले होते. त्यापुढचं मला वाचता आलं नाही… खोटं सांगू?”

“नको.”

श्रीनिवासराव तिथेच बसले. मेमेंनी घाई केली नाही. ते बाजूच्या एका बुटक्या, सौम्य उताराच्या दांडावर गेले, फावड्याने खड्डा खणला, हातमोजा काढून बर्फाचे थर एकमेकांना घट्ट धरून आहेत ना ते चाचपलं. मग परत आले.

“उठा. त्या दांडावर जाऊ.”

“कशाला?”

“ती इथे बसायला येत नव्हती.”

वर पोचल्यावर मेमेंनी स्वतः वाकून श्रीनिवासरावांच्या स्कीच्या पट्ट्या सोडवल्या. आणि खाली निघून गेले. दोन सावकाश वळणं घेतली, पायथ्याशी थांबले, काठ्या बर्फात रोवल्या आणि दोन्ही हात पसरले. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरासमोर आपण बसतो ना, तसे.

“मला जमणार नाही!”

“माहीत आहे.”

“मेमे, मला भीती वाटतेय!”

हे वाक्य श्रीनिवासराव आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बायकोशी नाही, ऋजूशी तर नाहीच. डोंगराने ते परत त्यांच्याकडे पाठवलं.

मेमेंचे हात तसेच पसरलेले…

आणि श्रीनिवासराव सुटले. स्की आपणहून धावू लागल्या. वारा कानांत शिरला, डोळ्यांत पाणी आलं, सगळा पांढरा डोंगर पायांखालून सरसरत निघाला. वळणं त्यांना येत नव्हती. थांबणंही येत नव्हतं. ते थेट म्हाताऱ्याच्या छातीवर आदळले. दोघे गडगडत गेले. टोपी उडाली, कॉलरमध्ये बर्फ गेला, काठी कुठल्या कुठे…

कुणीतरी खदाखदा हसत होतं.

ते स्वतःच हसत होते.

ध्यानात आलं तशी श्रीनिवासरावांनी तोंडावर हात दाबला. पण हसू कुठे थांबतंय! ते बोटांच्या फटींतून बाहेर येत राहिलं, आणि येता येता त्याचं रडणं झालं. वर्षभर कोरडा राहिलेला माणूस, बर्फात बसून हुंदके देऊ लागला. मेमेंनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तसंच राहू दिलं.

श्रीनिवासरावांनी बाहीने डोळे पुसले.

“मला हसू आलं, मेमे… माझी ऋजू जिथे गेली, तिथे मला हसू आलं.”

मेमे उठले. बर्फातली टोपी शोधून काढली, गुडघ्यावर झटकली, श्रीनिवासरावांच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही कानांवरून नीट खाली ओढली. मग सूर्याकडे पाहिलं.

“ऊन आहे अजून,” ते म्हणाले. “वर चला.”