येसाईच्या घराला दार का नाही

पाहुणे, आधी एक सांगा. परक्या गावात विश्वास ठेवायचा तरी कोणावर? कुंडाजवळचा बोर्ड म्हणतो, पाण्यात गंधक आहे. रिसॉर्टचा माणूस म्हणतो, कशाला उन्हात चालता, हेच पाणी नळाने खोलीत देतो. आणि मी, दिगंबर शेट्ये, कुंडाच्या वाटेवर पंचे आणि खोबरेल विकतो. म्हणजे तुम्ही कुंडावर यावं यात माझाही फायदा आहेच. तेव्हा माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण बसा. सरबत होईपर्यंत ऐका, मग ठरवा.

ते समोर कुंड. त्याच्या काठाला गवती छपराचं खोपटं दिसतंय ना? त्याला चौकट आहे, दार नाही. तिथे पूर्वी येसाई राहायची, असं सांगतात. तेव्हा कुंडाचं पाणी साध्या विहिरीसारखं थंडगार होतं.

ही वाट मिठाची. खाडीवरून मीठ लादलेले बैल इथून घाट चढून देशावर जायचे. गोणीतलं मीठ पाझरून माणसांच्या पायांवर उतरायचं, वर घाटातले धोंडे. टाचा अशा फुटायच्या की वाटेवर रक्ताचे ठसे उमटत. येसाईचा नवरा राणू त्यांच्यातलाच. एका वर्षी बैलांबरोबर वर गेला, तो आलाच नाही. बैल आले, सोबती आले, राणू नाही. सोबती म्हणाले, तापाने मागे राहिला, येईल.

येसाईने वाघजाईला गाऱ्हाणं घातलं म्हणे, "आई, या वाटेने जो येईल त्याचे पाय मी ऊन पाण्याने धुवीन. माझा माणूस असेल तिथे त्याच्या पायांवर कोणाला तरी पाणी घालायची बुद्धी दे." एवढंच मागितलं. परत आण, असंही म्हणाली नाही. मी दुकानदार माणूस, मला या मागण्याचं फार नवल वाटतं. ज्याच्याकडून घ्यायचं त्याला दिलंच नाही. दिलं भलत्यालाच, आणि भरवसा ठेवला.

तेव्हापासून तिची चूल विझली नाही. पुढे बंदरात गलबतं बांधायला आजूबाजूचं रान तोडून नेलं. सरपण मिळेना. येसाईने कुंपणाच्या मेढी जाळल्या, मग मुसळ जाळलं. शेजारीण गोदी आपल्या पडवीतून बघायची. तिची जीभ म्हणजे विळाच.

"काय गो येसाये, उद्या आढं काढून जाळशील काय?"

"काढलं असतं गो," येसाई म्हणाली, "पण हात पोचत नाही."

पौषातल्या एका संध्याकाळी घाट उतरून एक मीठवाला आला. पाय धड टेकवत नव्हता. घरात काटकीसुद्धा उरली नव्हती. उरलं होतं ते दार. फणसाचं, राणूने स्वतःच्या हाताने केलेलं. तो परत येईल तेव्हा याच दारावर थाप मारील, म्हणून रोज रात्री ती त्याला कडी लावून निजायची. येसाई बराच वेळ दाराला हात लावून उभी राहिली. मग कोयता घेतला.

पायांवर पाणी पडलं तसा तो मीठवाला हुंदके द्यायला लागला. म्हणाला, "आये, घाटमाथ्यावर एक धनगरीण आहे, तीही असंच सगळ्यांचे पाय धुते. तिच्याकडे कोकणातला कोणी तापाने पडला होता. शेवटपर्यंत तिने त्याच्या पायांवर ऊन पाणी घातलं. जाताना तो म्हणाला, घरी असतो तर येसूनेही असंच घातलं असतं."

येसाईचा हात थांबला नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत तिने धार सोडली, पंच्याने त्याचे पाय टिपले, आणि मग म्हणाली, "येसू मीच."

सकाळी ती सवयीने घागर घेऊन कुंडावर गेली आणि काठावरच थबकली. पाण्यातून वाफा निघत होत्या. वाघजाई बोलली म्हणतात, "तुझं सरपण संपलं पोरी, माझं नाही."

तिच्या मागोमाग गोदी आली होती. तिने घागर हातातून काढून घेतली, येसाईला शिळेवर बसवलं आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. इतकी वर्षं हिने साऱ्या वाटेला घातलं. हिला घालणारी ती पहिली. तिथे येसाई पहिल्यांदा रडली.

म्हणून इथली रीत अशी, की स्वतःच्या अंगावर स्वतः पाणी घ्यायचं नाही. तुम्ही दुसऱ्याला घालायचं, तुम्हाला दुसरा घालील. मध्ये एक शिकलेले पाहुणे म्हणाले, शेट, कुंडातून काढलेलं पाणी अंगाला भाजतं, शिळेपर्यंत चालत आणलं की निवतं, म्हणून ही रीत. असेल बुवा. पण चालत आणायला दुसरा माणूस लागतोच ना?

रिसॉर्टवाल्यांनी गेल्या साली पंप लावला. खोलीत पोचेतो पाणी कोमट झालं, वर गिझर बसवावा लागला! आम्ही हसलो खूप. पण कुंडाचं पाणी पायरीखाली उतरलंय, तेव्हापासून हसू येत नाही. ज्या पाण्यासाठी बाईने दार जाळलं, ते आतून कडी लावलेल्या खोलीत न्यायचं? येत्या ग्रामसभेत पंपाचा निकाल आहे. गावात दोन्ही मतांची माणसं आहेत, आणि पैसा कोणाला नको असतो, मलाही हवाच. पण माझा हात पंपाच्या विरोधातच वर जाईल.

आजही दर पावसाळ्यानंतर गाव ते खोपटं नव्याने शाकारतो. चौकट बसवतो, दार बसवत नाही. आजही कुंडावर अनोळखी माणसं एकमेकांना विचारतात, घालू काय पाणी?

घ्या सरबत. साबण पिशवीतच राहू द्या. आणि पाहुणे, एक विनंती. किती तांबे अंगावर घेतले आणि किती दुसऱ्याला घातले, हे इथे कोणी विचारत नाही. तो हिशेब तुमचा तुम्हीच ठेवायचा. तेवढा खरा ठेवा.