रिकामा मणी

त्या मुलखात प्रत्येकाला नाव होतं, पण कोण कुठे राहतं हे कोणालाच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची पद्धत मात्र होती, आणि ती इतकी चोख होती की स्वतः शोधायला जाणं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. कोणाकडे जायचं असलं की त्याच्या नावाची माळ ओवून पाठवायची. ती टेकडीपलीकडच्या विणघरात जाई. तिथे उत्तराची माळ ओवली जाई, टिटवी ती चोचीत धरून उलगडघरात आणून टाकी, तिथे ती मणी मणी करून सोडवली जाई आणि विचारणाऱ्याला पत्ता मोठ्याने वाचून दाखवला जाई. एकाच पिंपळावर राहणारे दोन पोपटही एकमेकांचा पत्ता असाच मागवत. उत्तर येई, ‘वरची फांदी’. मग खालचा पोपट वर जाई आणि वरचा घरी असला तर दोघे गप्पा मारत.

माळेची रचना ठरलेली होती. तोंडाशी एक शिंपला असे. आत किती प्रश्न आहेत आणि किती उत्तरं, हे त्याच्यावरच्या चिरांवरून कळे. पुढे नावं असत. नावाच्या प्रत्येक तुकड्याआधी एक मोजमणी असे आणि तो सांगेल तेवढेच मणी घ्यायचे असत, एकही कमी नाही की जास्त नाही. नावाच्या शेवटी एक रिकामा मणी असे. त्याच्यावर काहीच कोरलेलं नसे. तो आला की नाव संपलं, थांबायचं. उलगडून झालं की रिकामे मणी घरामागे फेकून देत, कारण त्यांचा दुसरा काही उपयोग नव्हता. तिथे त्यांचा मोठा ढीग झाला होता. ढिगाला लागून करवंदीची दाट जाळी होती. जाळीपलीकडे काय आहे हे कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिथे काही नव्हतं.

या उलगडघरात साळू नावाची साळिंदर काम करी. गाठी सोडवायला तिला वेगळं हत्यार लागत नसे, पाठीवरचा एक काटा उपसला की झालं. काम तिला कासवतात्यांनी शिकवलं होतं. तात्यांसारखा उलगडणारा मुलखात दुसरा नव्हता. त्यांच्याकडे घाई नव्हती, अंदाज नव्हता, आणि ‘एवढ्यावरून कळलं’ म्हणून माळ मध्येच टाकून देणं तर मुळीच नव्हतं. साळूच्या तोंडून अर्ध्या नावावरच पत्ता बाहेर पडू बघे. मग तात्या मान लांब करून तिच्याकडे नुसते बघत. साळूला आई आठवत नव्हती आणि तिच्याकडे असं बघणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिला ते बघणं आवडे. कधीकधी ती मुद्दाम चुकत असे.

तात्यांनी तिला दोन नियम घालून दिले होते. रिकामा मणी हाती आल्याशिवाय थांबायचं नाही, हा पहिला. उलगडणाऱ्याने मणी काढायचा, घालायचा नाही, हा दुसरा. दुसरा नियम मोडणाऱ्याला उलगडघराची पायरी पुन्हा चढता येत नसे.

विणघराची अडचण वेगळी होती. टिटवीला पेलेल एवढीच माळ ओवता येई, जास्त झाली तर उरलेली कापून टाकावी लागे. यावर विणघरातल्या सुगरणीने एक तोड काढली. मागच्या नावाचा शेवट आणि या नावाचा शेवट एकच असेल, तर तेच मणी पुन्हा कशाला ओवायचे? तिथे एक लाल गाठ मारायची आणि गाठीतून एक दोरा मागच्या मण्यापर्यंत न्यायचा. उलगडणारा त्या दोऱ्याने मागे जाई, राहिलेले मणी तिथून वाचून घेई आणि रिकाम्या मण्यापाशी थांबे. पद्धत खरोखर चांगली होती. तात्यांनाही ती पटली, कारण मागे जे सांगितलेलं असे ते एकदा तरी नीट सांगितलेलं असे.

हळूहळू विणघरात आखूड माळेला मान मिळू लागला. सर्वांत आखूड माळ ओवणाऱ्याच्या डोक्यावर मोराचा तुरा खोवला जाई, आणि तो दर हंगामात सुगरणीच्याच डोक्यावर असे. येणारेजाणारे तिच्या माळा हातात घेऊन बघत आणि तिने काय काय सांगितलेलं नाही याचं मनापासून कौतुक करत.

अशातच एका उन्हाळ्यात मोठं तळं आटलं. चितळांच्या कळपाकडे पाण्याचा जुना पत्ता होता, पण त्या माळेचा रंग कधीच उडाला होता, आणि रंग उडालेलं उत्तर शिळं समजलं जाई. तसंही ते त्याच तळ्याचं होतं. कळपाची म्होरकी आक्का चितळीण. त्यांनी नवी माळ पाठवली, ‘पाणी कुठे आहे?’ आणि सगळा कळप उलगडघराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. कळपात त्या वर्षी जन्मलेलं एक पाडस होतं. ते आईच्या पोटाशी तोंड नेई आणि काही न मिळाल्याने परत काढून घेई. साळूने एकदा ते पाहिलं आणि पुन्हा फाटकाकडे बघायचं टाळलं.

उत्तर आलं. टिटवीने माळ टाकली तेव्हा ती इतकी हलकी होती की आवाजही झाला नाही. बरोबर विणघराचा निरोप होता, की एवढी आखूड माळ आजवर ओवली गेलेली नाही. तोंडाशी शिंपला होता, एक प्रश्न, एक उत्तर. उत्तराच्या जागी एक लाल गाठ होती. गाठीतून लांब दोरा निघाला होता, आणि अंगणात पसरल्यावर तो मधल्या शिळेला वळसा घालून परत त्याच गाठीत येत होता. माळेत दुसरं काही नव्हतं.

तात्यांनी गाठ पाहिली. “मागे सांगितलंय,” ते म्हणाले आणि दोऱ्याच्या कडेने चालू लागले. शिळेला वळसा घालून ते गाठीपाशी आले. “मागे सांगितलंय,” असं म्हणून ते पुन्हा निघाले.

साळूला आधी वाटलं, ते खात्री करून घेताहेत. तात्यांना तशी सवय होती. पण ऊन चढलं, उतरलं, तरी ते चालतच होते. दुसऱ्या दिवशीही त्यांचं चालणं थांबलं नाही. मग तिला भीती वाटली. ती त्यांच्याबरोबर चालू लागली.

“तात्या, ही तीच गाठ आहे.”

“गाठीने जिकडे पाठवलं तिकडे जायचं,” तात्या न थांबता म्हणाले. “तिकडे ज्याने सांगितलंय, त्याने विचार करूनच सांगितलं असेल.”

“तिकडे कोणी नाही, तात्या. तिकडे आपणच आहोत.”

“रिकामा मणी आलाय का?”

रिकामा मणी आलेला नव्हता. साळूला ते कबूल करावं लागलं. “मग?” तात्या म्हणाले आणि पुढे गेले.

फाटकाशी उभ्या असलेल्या आक्कांनी हे सगळं पाहिलं होतं. पत्ता माहीत नसलेला कोणी इतक्या ठामपणे चालणार नाही, असं त्यांचं मत झालं. त्या अंगणात शिरल्या आणि तात्यांच्या मागे चालू लागल्या. त्यांच्यामागे कळप, कळपामागे ससे, सशांमागे रानडुकरं. सगळे तात्यांच्या चालीने चालत होते, कारण पुढे जाणं उद्धटपणाचं दिसलं असतं. खुरांचा आवाज दिवसभर चाले आणि धूळ छपरावर जाऊन बसे. जाणत्या प्राण्यांना हा फेरा मागच्या फेऱ्यापेक्षा लहान वाटला, म्हणजे पाणी जवळ आलं असणार. पाडस थकून मागे राही आणि तसंच मागे राहता राहता तात्यांच्या पुढे येई. तेव्हा सगळे त्याचं कौतुक करत.

साळू घोरपडअण्णांकडे गेली. उलगडघराचा कारभार त्यांच्याकडे होता आणि तो ते भिंतीला चिकटून पाहत. माळ परत पाठवावी, अशी तिने विनंती केली. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली. माळ परत पाठवायची म्हणजे विणघराला चूक म्हणायचं, आणि विणघराला चूक म्हटलं की आजवरच्या सगळ्या पत्त्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. शिवाय काम कुठे अडलंय? तात्या चालताहेत. इतके जण चालताहेत. उलगडघर एवढं भरलेलं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मग साळू टेकडी ओलांडून विणघरात गेली. सुगरण तुरा घालून बसली होती. समोर नवी माळ होती आणि ती कुठून सुरू करावी याचा विचार चालला होता, कारण सुरू केली की ती लांब होणार होती.

“पाणी कुठे आहे तेवढं तोंडी सांग,” साळू म्हणाली. “माळ नको.”

“ते मी सांगितलंय.”

“कुठे?”

“माळेत.”

“माळेत मागे बघायला सांगितलंय.”

“मग मागे असेल,” सुगरण म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. तिने जुन्या माळा ओढून काढल्या, एकीतून दुसरीत गेली, दुसरीतून तिसरीत, आणि प्रत्येक ठिकाणी तिला स्वतःचीच लाल गाठ भेटली. पाण्याचा पत्ता तिला एके काळी पाठ होता. तो मागे सांगून ठेवलाय या भरवशावर ती तो विसरली होती. साळूला तिचा राग यायला हवा होता, पण ती इतकी घाबरलेली दिसत होती की साळूला कीवच आली. निघताना सुगरणीने तिला एवढंच विचारलं, की हे तिकडे कोणाला सांगणार का. साळू टेकडीकडे वळली.

ती परत आली तेव्हा अंगणात शिळेभोवती खोल चर पडला होता. चरातून फक्त चितळांच्या पाठी दिसत होत्या. पाडस चराच्या काठावर पडलं होतं आणि त्याची आई प्रत्येक फेऱ्याला त्याला एकदा हुंगून पुढे जात होती. तात्यांची मान लोंबत होती, हनुवटी जमिनीला घासत होती. गाठीपाशी येताच ते ओठ हलवत, पण आता शब्द बाहेर येत नव्हते.

साळूला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, आणि रडतच ती घरामागच्या ढिगाकडे गेली. खुरांचा धडधडाट तिथपर्यंत येत होता. तिने एक रिकामा मणी उचलला. तो हातात आहे की नाही हे बघायला तिला मूठ उघडावी लागली.

अंगणात येऊन ती सर्वांदेखत चरात उतरली. भिंतीवरून घोरपडअण्णांनी तिला हाक मारली, नियम कोणता ते सांगितलं आणि परिणाम काय तेही सांगितलं. साळूने मान हलवली. तिला दोन्ही पाठ होते. तिने दोरा दातांनी तोडला, पाठीवरचा काटा उपसला आणि तुटल्या जागी मणी ओवला. गाठ तिने नीट मारली, कारण तात्यांना आळशी गाठ आवडत नसे. मग ती बाजूला झाली.

तात्या आले. मणी दिसला तसे ते थांबले. मागून आक्का त्यांच्या कवचाला धडकल्या, आक्कांना कळप धडकला, आणि असं होत होत अख्खं वर्तुळ थांबलं.

तात्या मण्याकडे बराच वेळ बघत राहिले. तुटलेल्या दोऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. त्यांना गाठ ओळखता आली नसती तरच नवल, ती त्यांनीच शिकवलेली होती. त्यांनी हळूहळू मान उचलली, लांब केली आणि साळूकडे बघितलं, ती अर्ध्या नावावर पत्ता सांगून टाकायची तेव्हा बघत तसंच. साळूने नजर खाली घातली नाही.

“नाव पूर्ण झालं,” तात्या म्हणाले.

त्यांनी मणी काढून घेतला. नाव पूर्ण झालं की ते मोठ्याने वाचायचं असतं, आणि जसं हाती आलं तसं वाचायचं असतं, पदरचं काही न घालता. तात्यांनी चारही पाय नीट रोवले, तोंड उघडलं आणि नाव वाचायला सुरुवात केली. त्या नावात काहीच नव्हतं. ते त्यांनी सावकाश वाचलं, एकही तुकडा न गाळता.

नाव वाचलं जात असताना मध्ये बोलू नये, हे मुलखात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही, कोणी पाय हलवला नाही. घोरपडअण्णाही भिंतीवर गप्प राहिले. धूळ खाली बसत गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अंगणात कसलाही आवाज नव्हता.

करवंदीच्या जाळीपलीकडे बेडूक ओरडत होते. नवं काही सांगत असल्यासारखा त्यांचा आवाज नव्हता. ते रोजच ओरडत असावेत.

काठावर पडलेल्या पाडसाचा एक कान वळला. मग आक्कांचा वळला. मग एकेक करून सगळ्या कळपाचे कान जाळीकडे वळले.

तात्या अजून वाचत होते.