आत्यांच्या बावीस लाट्या

कुठल्याशा गावात एक बाई राहायची. भारी चौकस. शेजारी कुकरची शिट्टी झाली, की आत काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास जायचा नाही.

त्या गावात उन्हाळ्यात सगळ्या बायका मिळून उडदाचे पापड लाटायच्या. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पण आधी पाळी कुणाची, यावरून दरवर्षी भांडण. कारण शेवटच्या पाळीला आभाळ भरून यायचं आणि पापडांना बुरशी धरायची.

त्या वर्षी चौकस बाईच्या घरी संगणक आला. ती म्हणाली, "आता भांडायचं नाही. कोण किती काम करतं ते मी ह्याला सांगते, पाळ्या हाच लावेल. ह्याला ना नणंद, ना जाऊ!"

मग गेल्या वर्षी रोज कुणी किती लाटलं, ते तिनं आठवून आठवून टिपून घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्या आत्यांच्या नावापुढे लिहिलं: दिवसाला लाटलेले पापड आठ, खाल्लेल्या लाट्या बावीस.

संगणकानं चुटकीसरशी यादी काढली. आत्या सगळ्यात शेवटी.

आत्या एकट्या राहायच्या. वर्षातून तेवढे पंधरा दिवसच त्यांना चार माणसांची सोबत. यादी ऐकून त्या म्हणाल्या, "मला शेवटी टाकलंस होय गं?"

"मी नाही हो आत्या, संगणकानं टाकलं." म्हणताना बाईला कसं हलकंहलकं वाटलं.

"बरं. मग त्यालाच बसव लाटायला," असं म्हणून आत्या गेल्या, त्या लाटायला आल्याच नाहीत.

काम मात्र झपाट्यानं व्हायला लागलं. लाट्या खाणारं कुणी नाही, मध्येच थांबवणारं कुणी नाही. पण पहिल्या घरचा पापड तळला तर लालभडक आणि कडू. दुसऱ्या घरचा असा, की फुलायचं नाव घेईना.

बाईनं संगणकाला विचारलं, "बिघडलं कुठे रे?"

तो म्हणाला, "पापड दीडशे. काम उत्तम."

बाई विचारात पडली. आत्या डोळे मिटून लाटी चघळायच्या आणि म्हणायच्या, "खार जास्त झालाय, पीठ घाला." नाहीतर, "अजून कुटा गं, दुखू देत हात." हे तिनं टिपलंच नव्हतं. दुनियेच्या चौकशा करणारी बाई! पण एवढ्या लाट्या का खाता, असं तिनं आत्यांना कधी विचारलं नव्हतं.

बायका म्हणाल्या, "यंत्र बिघडलं होतं म्हणून सांग. येतील आत्या."

सोपं होतं. बाई वाटभर तेच घोकत गेली. पण आत्यांनी दार उघडलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आत्या, यंत्र धडधाकट आहे. त्यात काय भरायचं ते मी ठरवलं. तुम्हाला शेवटी मीच टाकलं. चुकलं माझं."

 आत्या म्हणाल्या, "यंत्र बिघडलं म्हणाली असतीस, तर म्हटलं असतं, दुरुस्त करणाऱ्याकडे जा. माझ्याकडे कशाला आलीस?"

आणि त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या.

तात्पर्य एवढंच: संगणक आपण सांगू तेवढंच मोजतो, म्हणून 'त्यानं ठरवलं' म्हणण्याआधी, त्याला काय सांगायचं हे कुणी ठरवलं ते आठवावं.