काही नको म्हणणारा माणूस

एकदा एक गृहस्थ एका वृद्ध सायकलयात्रीकडे आले. या वृद्धाला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी उभं आयुष्य आडवाटेच्या निवांत रस्त्यांवर लांबलांबचा सायकलप्रवास करण्यात घालवलं होतं, आणि कुणाला शिकायचं असेल तर ते आनंदाने सोबत नेत. गृहस्थांचं नाव श्रीपाद. पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं.

"मास्तर, घर खायला उठतं," श्रीपाद म्हणाले. "शेजारीपाजारी आधी विचारायचे, पण मी प्रत्येकाला काही नको म्हणून सांगितलं. आता कुणी फिरकत नाही. तुमची सोबत द्या."

पहाटे दोघे निघाले. गावाबाहेरच्या फाट्यावर मास्तर थांबले. श्रीपादांच्या सायकलला अडकवलेली डब्याची आणि पाण्याची पिशवी त्यांनी काढली, आपल्या हँडलला लावली आणि म्हणाले, "संध्याकाळी नदीच्या पुलावर भेटू. रस्ता एकच आहे." आणि पाहता पाहता म्हातारा वळणाआड दिसेनासा झाला.

आता हा कसला गुरू, असं तुम्ही म्हणाल. श्रीपादही तेच म्हणाले, आणि जरा शेलक्या शब्दांत. सोबत मागायला आलेल्या माणसाला भर माळावर एकटं सोडायचं, आणि वर त्याची भाकरीही पळवायची!

माळ उजाड होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चाकांचा आवाज तेवढा सोबतीला. दोन गावं लागली. पारावरच्या माणसांनी माना वर करून पाहिलं, पण श्रीपाद थांबले नाहीत. तहान लागली होती, तरी कुणापुढे हात पसरायचा? रागाच्या भरात ते पॅडल मारत राहिले.

भर दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नाइलाजाने ते उतरले. शेतात एक म्हातारी बाई कांदे काढत होती.

"मावशी, पाणी मिळेल का?"

बाईने कळशीतलं पाणी दिलं. मग गुळाचा खडा दिला, मग आपल्या फडक्यातली अर्धी भाकर. "घरी कोन असतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही," श्रीपाद म्हणाले. हे शब्द वर्षभरात त्यांनी मोठ्याने उच्चारलेच नव्हते. "बायको गेली माझी."

"मग बसा की घटकाभर. घाई कुनाला हाय?"

तो भला माणूस बांधावर बसून हमसून हमसून रडला. बाईने समजूत घातली नाही. ती शेजारी बसून कांद्याची पात कापत राहिली.

संध्याकाळी पुलावर मास्तर बसले होते. पिशवी जशीच्या तशी होती.

"तुम्ही जेवला नाहीत?" श्रीपादांनी विचारलं.

"जेवलो की! वाटेत एका घरी पिठलं मागून खाल्लं. माझी मंडळी गेली तेव्हापासून मी डबा बरोबर घेतच नाही."

श्रीपादांनी बांधावरची हकीकत सांगितली. मास्तर म्हणाले, "श्रीपाद, डबा जवळ असता तर तुम्ही तिथे उतरला असता का? दिवसभर माझ्याशी बोलला असता आणि पुन्हा त्याच घरात गेला असता. मी एका दिवसाची सोबत. लोकांनी तुम्हाला टाकलेलं नाही. पण ज्याला कुणाचं काहीच नको, त्याच्या दारात माणसाने कोणत्या निमित्ताने उभं राहावं? मागणं म्हणजे लाचारी नव्हे. मला तुम्ही हवे आहात, एवढंच ते सांगणं असतं. एकटेपण त्याने संपत नाही, माझंही संपलेलं नाही. पण सोसवतं."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला श्रीपाद घरी पोहोचले. कुलूप काढलं. आत तीच शांतता. त्यांनी दूध तापवलं, आणि ते कोमट होईपर्यंत नुसते भांड्याकडे पाहत उभे राहिले. मग एक वाटी घेतली आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.

"वहिनी, थोडं विरजण मिळेल का?"

शेजारणीने वाटी हातातून घेतली आणि दार पूर्ण उघडलं.

"आधी आत तर या, भाऊजी," ती म्हणाली. "किती दिवस वाट पाहायची आम्ही?"