सुटे ताप

कावेरीकाठच्या एका राज्यात प्रतापराय नावाचे राजे होते. त्यांना स्वतःच्या नावाचं भारी कौतुक. पैशांवर ते उमटवायला त्यांनी एवढा मोठा ठसा कोरून घेतला, की तांब्याची चकती त्याच्यापुढे टिकलीएवढी दिसे. घणाचा घाव बसला की नावाचा मधला तुकडाच तेवढा उमटे. बहुतेक पैशांवर ‘प्रतापराय’मधला ‘ताप’ आला. बाजारात लोक खुशाल विचारू लागले, “आजी, सुटे ताप आहेत का?”

राजांना हे कळलं. घण मारणाऱ्या वीरय्याला त्यांनी दरबारात उभं केलं.

“माझं नाव तोडतोस? तुझा हातच तोडतो!”

 तेवढ्यात वीरय्याची बायको अळमेलू पुढे झाली.

“तू कोण गं?”

“ह्याच हाताच्या कमाईचा भात खाणारी, महाराज. एक विचारते. नाव अख्खं उमटलं, तर लोक पैशाला काय म्हणतील?”

“प्रतापराय म्हणतील! दुसरं काय?”

“मग भाजीवाली ओरडेल, ‘एका प्रतापरायाला चार वांगी!’ आणि वांगी किडकी निघाली, की गिऱ्हाईक म्हणेल, ‘गेला माझा प्रतापराय फुकट!’”

दरबारी तोंडात उपरणं कोंबून हसू लागले. राजांनी डोळे वटारले, पण मिशीखाली त्यांनाही हसू आवरेना.

“सोडा रे त्याला!” ते म्हणाले. “आणि ठसा आणखी मोठा करा. आमच्या नावातला कानासुद्धा पैशावर मावून बाजारात जाता कामा नये!”