यदूचा परदेशातला महिना

एका गावात एक भोळा कॉम्प्युटरवाला होता. नाव यदुनाथ. कामात हुशार, स्वभावाने गरीब, आणि सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा. सगळा घोटाळा त्या ऐकण्यातच होता.

पुण्याच्या एका कंपनीने फोनवरूनच त्याला कामावर घेतलं. साहेब म्हणाले, "कुठूनही काम कर, आम्हाला फरक पडत नाही." दुसरा कुणी असता तर घरी माडीवर बसला असता. यदूने दोन दिवस विचार केला. माडी काही 'कुठूनही' वाटेना. मग गडी एकटाच महिनाभरासाठी थायलंडला गेला.

निघताना साहेबांनी बजावलं, "महिनाअखेर गिऱ्हाइकाला काम दाखवायचं. पसंत पडलं तर नोकरी पक्की. नाही तर राम राम." तीन वर्षांतली पोराची ही चौथी कच्ची नोकरी. आईच्या जिवाला घोर लागला.

तिथे नोईबाई नावाच्या खानावळवालीकडे त्याने खोली घेतली. हा मोबाइलमध्ये मराठीत बोलायचा, मोबाइल तिला तिच्या भाषेत सांगायचा. पहिल्याच दिवशी यदू बुटांसकट तिच्या देवासमोर जाऊन उभा राहिला. नोईबाईने झाडू दाखवला. यदूने आईला फोन लावला.

"अरे, आत शिरण्याआधी पायातलं काढावं, हात जोडावेत, मग पाऊल टाकावं. आपल्याकडे नाही का करत?"

"बरं आई. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला. तिथेही आपल्या वडापसारख्या, वाटेत माणसं भरत जाणाऱ्या गाड्या असतात. गाडी थांबली. यदूने भर रस्त्यात बूट काढले, नीट जोडीने ठेवले, ड्रायव्हरला हात जोडले आणि आत चढला. गाडी सुटली. बूट राहिले. यदूबाबा दिवसभर अनवाणी.

आई म्हणाली, "कसं रे व्हायचं तुझं? निघताना आपलं काय काय आहे ते बघावं. जे आपलं असेल ते उचलावं आणि चालू लागावं."

"बरं आई. आता तसंच करीन."

तो बसायचा एका कॉफीच्या दुकानात. लॅपटॉपवाले सगळे तिथेच. मालक भला माणूस. त्याने खिडकीजवळचं टेबल दाखवलं आणि म्हणाला, "महिनाभर हे तुमचं." संध्याकाळी यदूने आपलं काय काय आहे ते बघितलं. लॅपटॉप पिशवीत घातला. टेबल डोक्यावर घेतलं. दोन चौक ओलांडल्यावर मालकाने धावत येऊन त्याला गाठलं. टेबल परत नेताना तो भला माणूस जे बोलला, ते मोबाइलने सांगितलंच नाही.

"टेबल कुणी उचलतं का रे?" आईने कपाळाला हात लावला. "एसटीत आपण काय करतो? मोकळी जागा दिसली की रुमाल टाकतो. रुमाल पडला की जागा आपली. मग कुणी उठवत नाही."

"बरं आई. आता तसंच करीन."

तिसऱ्या आठवड्यात नोईबाईच्या भाचीचं लग्न निघालं. मांडवात ही गर्दी. यदूला कुठे बसावं कळेना. एवढ्यात सगळ्यांत पुढे, अगदी नवरीला खेटून, एक मोकळी जागा दिसली. नवरदेव फोटो काढून घ्यायला गेला होता. यदूने लांबूनच रुमाल टाकला आणि जाऊन बसला.

त्यांच्याकडे वधूवरांच्या हातांवर शंखातून पाणी सोडून आशीर्वाद देतात. मान खाली घालून चालणाऱ्या चार-पाच म्हाताऱ्यांनी यदूच्या हातांवर पाणी सोडलं. जेवणाआधी हात धुवायची काय सोय ठेवलीय, असं त्याला वाटलं. इतक्यात नवरदेव आला. यदूने त्याला रुमाल दाखवला.

"मेल्या, मानाच्या जागी आपण बसायचं नसतं," आई म्हणाली. "कुणी मान देऊ लागलं तर उठावं. घरातल्या मोठ्या माणसाला हाताला धरून तिथे बसवावं आणि म्हणावं, मी कोण, सगळं यांचंच. मग लोक नावाजतात."

"बरं आई. आता तसंच करीन."

महिना भरला. गिऱ्हाईक होतं कोल्हापूरचे मसालेवाले पाटणकर. यदूने त्यांची वेबसाइट खरंच फक्कड केली होती. व्हिडिओ कॉलवर पाटणकरांनी ती बघितली आणि म्हणाले, "कुणाचं काम हे? जरा समोर येऊ द्या की. सत्कार केला पाहिजे." साहेबांनी तरी यदूचं तोंड कुठे बघितलं होतं? ते म्हणाले, "कॅमेरा लाव."

यदू त्या दिवशी खोलीवरच होता. तो उठला. खानावळीतून नोईबाईला हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "मी कोण? सगळं यांचंच." मग बाहेर पायरीवर जाऊन बसला.

नोईबाईने पडद्यावरच्या मिरच्या निरखल्या आणि मोबाइलमध्ये बोलली. मोबाइल म्हणाला, "मिरची जास्त भाजलीत. रंग गेलाय." पाटणकर तीस वर्षं मसाल्यात, पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. दोघं अर्धा तास मिरचीवर बोलले. शेवटी पाटणकर साहेबांना म्हणाले, "या बाईंना सोडू नका." साहेबांनी सोडलं नाही.

तासाभराने यदूचा फोन आला. "आई, नोकरी पक्की झाली. कागदसुद्धा आला."

आई रडलीच. तिने गल्लीभर पेढे वाटले, आल्यागेल्याला सांगितलं, आणि मग पुन्हा फोन लावला. "कागद जपून ठेव हो. नाव नीट लिहिलंय ना त्यांनी?"

"अगदी नीट," यदू म्हणाला. "नोईबाई. स्पेलिंग मीच सांगितलं."